तीन मिलिमीटर

तिसऱ्या रात्रीही दाढ ठणकतेय.
बाहेर जुराच्या डोंगरावर बर्फ;
रस्ता खरवडणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
माझ्या छतावरून फिरून जातो,
ठणक्याशी अगदी ताल धरून.
मग गाडी जाते. ठणका राहतो.

डॉक्टर मेलां म्हणाले,
नस काढलीय, मादाम रोशा,
आता आत दुखायला कुणी नाही.
मग हे कोण दुखतंय?
म्हणे आजूबाजूचं. हाड, हाडालगतचा पडदा.
घरातलं माणूस गेलं
की शेजारीच मोठ्यानं रडतात, तसं काही असेल.

बावीस वर्षं मी ह्याच काड्या तपासतेय.
खोऱ्याच्या टोकाला आमचा कारखाना,
पूर्वी तिथे घड्याळांच्या स्प्रिंगा व्हायच्या,
आता दाताच्या मुळात उतरणाऱ्या फाइली.
पीळ दिलेली तार, केसापेक्षा थोडी जाड,
वर प्लास्टिकची मूठ:
जांभळी दहा नंबर, पांढरी पंधरा,
पिवळी वीस, लाल पंचवीस.
सूक्ष्मदर्शकाखाली पीळ सैल दिसला,
टोक बोथट, धारेवर डाग,
की डावीकडच्या डब्यात.
डबा भरला की मॅनेजर कुरकुरायचा,
रिकामा राहिला तर मला झोप नसायची.

खुर्चीत आडवी झाले तेव्हा
हिरवं रबर ताणून बसवलं त्यांनी.
सगळं तोंड झाकलं,
एकटी दाढ बाहेर,
चौकशीला बोलावल्यासारखी.
पोहण्याच्या तलावाचा वास.
मुळाचा शेवट शोधणारं यंत्र टिवटिवत होतं.
कोणती फाइल आत आहे
हे मला डोळे मिटूनही कळत होतं,
पाव वळसा पुढे, पाव मागे, हलकी ओढ;
पुढे, मागे, ओढ.

लालच्या वेळी एक आवाज झाला.
इतका बारीक
की तो कानाला नाही, हाडाला ऐकू आला.
डॉक्टरांनी फाइल दिव्याखाली धरली.
बोलले काही नाहीत.
मी उलटी पडूनही पाहिलं:
टोक नव्हतं.

तीन मिलिमीटर, ते म्हणाले.
खणायला गेलो तर मूळ फाटेल.
राहू दे.
कितीतरी लोकांच्या दातांत असे तुकडे असतात
आणि त्यांना माहीतही नसतं.
मला माहीत आहे, म्हणायला गेले मी,
पण रबराखालून नुसता घोगरा हुंकार.

उठल्यावर मी रिकामं पाकीट मागून घेतलं.
लॉट नंबर वाचला.
मार्चचा दुसरा आठवडा.
लिलियान दोन सुटकेसा घेऊन
लोझानच्या गाडीत बसली, तो आठवडा.
मी मंगळवारीच कामावर हजर होते,
डोळे सुजलेले, पण हजर.
डॉक्टर म्हणाले, छे, आधीच्या दोन मुळांत
मी हीच फिरवली होती,
पिचली असेल, दोष माझा.
आम्ही दोघं दारात उभे,
हातमोज्यांसह ते, बधिर गालासह मी,
एकमेकांकडून चूक हिसकावून घेत.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात.
त्यात आता आपलीच फाइल.

गोळी घेतली तिला तास झाला.
उजवीकडे काही चावत नाही,
जीभ मात्र तिकडेच जाते,
नको सांगितलेल्या मुलासारखी.
ऊन पडलं की बरं वाटतं, उगाच.
सोमवारी कामावर जायचं आहे.
डावीकडचा डबा दुपारच्या आत भरेल,
मॅनेजरनं काय बोलायचं ते बोलावं.

स्वयंपाकघरात दिवा न लावता
चमचा उलटा धरते,
डॉक्टर आरशाच्या दांड्यानं ठोकतात, तशी ठोकते.
पुढच्या दाढेवर. काही नाही.
मागच्या. काही नाही.
मग हिच्यावर, हळूच,
दार वाजवावं तसं.

आहे.